तेवढ्यापुरतं

मंडळी, या शनिवारी जरा तांत्रिक लिहिणार आहे. ज्यांचा काळ्या टर्मिनलशी कधी संबंध येत नाही त्यांनीही लगेच पळू नये. विषय फक्त एका ओळीचा आहे, आणि ती ओळ न लिहिल्यामुळे एका चांगल्या मुलीची नोकरी कशी डळमळली तेही मधे सांगणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. या पानावर रोमन अक्षर येऊ द्यायचं नाही हा माझा जुना हट्ट. त्यामुळे खालच्या सगळ्या कमांड्स देवनागरीत आहेत. टर्मिनलवर अर्थातच त्या रोमनमध्ये टाइप करायच्या, नाहीतर शेल 'कमांड सापडली नाही' म्हणून वाटेला लावेल आणि शिव्या मला बसतील :)

तर विषय असा. युनिक्स किंवा लिनक्सवर (आणि मॅकवरही) कुठलाही प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा दिला जातो. प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग किंमत. वापरणाऱ्याचं घर कुठे, भाषा कुठली, आवडता एडिटर कुठला, कमांड्स कुठे शोधायच्या, वगैरे वगैरे. यांना म्हणतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. प्रोग्रामला गरज वाटली तर तो चिठ्ठी वाचतो, नाहीतर गठ्ठा तसाच बाळगतो.

आता समजा एखादी चिठ्ठी एकाच कामासाठी बदलायची आहे. तर ती कमांडच्या आधी, त्याच ओळीत लिहायची. बस्स.

माझी बहीण न्यू जर्सीला असते. रविवारी तिला फोन करायचा म्हटलं की आई विचारणार, "तिकडे किती वाजले रे?" उन्हाळ्यात साडेनऊ तास वजा, हिवाळ्यात साडेदहा, आणि मार्च आणि नोव्हेंबरमध्ये कुठला हिशोब लावायचा यावर घरात एक छोटा परिसंवाद. मी टर्मिनलवर लिहितो:

टीझेड=अमेरिका/न्यू_यॉर्क डेट

की तिथली तारीख आणि वेळ हजर. लगेच पुढच्या ओळीत नुसतं 'डेट' लिहिलं की पुन्हा आपली वेळ. मी कॉम्प्युटरचं घड्याळ हलवलं नाही, कुठलं सेटिंग बदललं नाही, 'नंतर परत पूर्ववत करायचं' असं काही डोक्यात ठेवावं लागलं नाही. (पुणेकरांसाठी सूचना: एशिया/पुणे असं काही नाही. लिनक्सवर तसं लिहिलंत तर एरर येत नाही, गुपचूप यूटीसी वेळ दिसते, म्हणजे साडेपाच तास मागची. आपली चिठ्ठी एशिया/कोलकाता. पुण्याची वेळ वेगळी आहे हे जगाला माहीत असलं तरी डेटाबेसमध्ये अजून आलेलं नाही.)

हे सगळं चालतं कसं, ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. तुम्ही कमांड लिहून एंटर मारता तेव्हा शेल स्वतःची एक प्रत काढतो. त्या पोराच्या हातात चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याचीही प्रतच असते, मूळ गठ्ठा आईबापाकडे. ओळीच्या सुरुवातीला लिहिलेली चिठ्ठी त्या प्रतीत घातली जाते, आणि मग पोरगं तुमचा प्रोग्राम बनून कामाला लागतं. काम संपलं, पोरगं गेलं, त्याचा गठ्ठाही गेला. मूळ गठ्ठ्याला कुणी हातच लावलेला नसतो. वारसा वरून खाली जातो, खालून वर कधीच येत नाही.

नवशिके हमखास विचारतात की 'मी स्क्रिप्टमध्ये एक्सपोर्ट केलं, स्क्रिप्ट संपल्यावर ते दिसत का नाही?' त्याचंही उत्तर हेच. पोराने केलेली खरेदी बापाच्या खात्यात दिसत नाही. (दिसायला हवी असेल तर स्क्रिप्ट 'सोर्स' करायची, म्हणजे पोरगं जन्माला न घालता बापानेच ती वाचायची.)

ही आजची फॅशन नाही बरं का. बेल लॅब्जमधून १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्याबरोबर एन्व्हायर्नमेंट ही कल्पना आली आणि स्टीफन बॉर्न यांचा शेलही आला. कमांडच्या आधी नाव=किंमत लिहायची रीत त्या शेलमध्ये पहिल्यापासून आहे. आज बॅश वापरा, झेडशेल वापरा, डॅश वापरा, ती ओळ तशीच चालते. आमच्या धंद्यात पाच वर्षांत फ्रेमवर्क म्हातारं होतं, त्या हिशोबाने ही ओळ म्हणजे चिरंजीवच म्हणायची.

मराठीत यासाठी एक फार चपखल शब्द आहे: तेवढ्यापुरतं. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य लागतं, आपल्याकडे एका शब्दात काम होतं. 'तेवढ्यापुरती चप्पल घालून जा', 'तेवढ्यापुरता फोन दे'. माझे बाबा पेपर वाचताना चाळिशी लावतात. पेपर संपला की चाळिशी टेबलावर. तोच चष्मा लावून ते रस्ता ओलांडायला निघाले तर आई ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल. वाचायला लागणारी नजर वाचण्यापुरती. टीझेड=अमुक डेट ही ती चाळिशी आहे.

याच्या उलट असतो एक्सपोर्ट. 'एक्सपोर्ट टीझेड=अमेरिका/न्यू_यॉर्क' लिहिलं की त्या टर्मिनलमध्ये त्यापुढे जे जे चालेल त्या प्रत्येकाच्या नाकावर तोच चष्मा. खिडकी बंद करेपर्यंत, किंवा कुणी आठवणीने काढेपर्यंत. आणि गंमत म्हणजे तो कुणाला दिसत नाही. स्क्रीनवर तीच जुनी ओळ, तोच लुकलुकणारा कर्सर.

इथे ती गोष्ट सांगतो.

२०११ सालची. पुण्यातली एक छोटी कंपनी, नाव नको. आमचं सॉफ्टवेअर ग्राहकांना एसएमएस पाठवायचं. पाठवणारी स्क्रिप्ट 'मोड' नावाची चिठ्ठी वाचायची. चिठ्ठी नसेल तर चाचणी, म्हणजे ऑफिसमधल्या चार नंबरांवर मेसेज जायचा. चिठ्ठीवर 'लाइव्ह' असेल तर खऱ्या ग्राहकांना. सर्व्हरवर टीमचं एकच सामायिक लॉगिन होतं आणि एक स्क्रीन सेशन कायम चालू असायचं. (स्क्रीन म्हणजे अशी टर्मिनलची खिडकी, जी तुम्ही घरी गेलात तरी सर्व्हरवर जिवंत राहते. दुसऱ्या दिवशी, किंवा दुसरा माणूस, येऊन तिथूनच पुढे.) तेव्हा ही पद्धत बऱ्याच ठिकाणी असे, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

एका दुपारी आमच्या एका सीनियरला अडकलेली एक बॅच पाठवायची होती. त्याने सेशनमध्ये 'एक्सपोर्ट मोड=लाइव्ह' केलं, बॅच पाठवली, सगळं नीट गेलं. मग तो सेशनमधून बाहेर पडला आणि गाडी पकडायला निघून गेला.

रात्री नऊच्या सुमारास आमच्या टीममधली एक मुलगी त्याच सेशनमध्ये आली. कंपनीत येऊन आठ महिने झालेले, कन्फर्मेशनचं पत्र यायचं बाकी. रोज रात्री ती चाचणी चालवायची, तशीच तिने चालवली. तीच कमांड, अक्षर न् अक्षर रोजचीच. त्या दिवशी चाचणीतला मजकूर होता 'आपली सेवा आजपासून बंद करण्यात येत आहे'. स्क्रिप्ट थांबवेपर्यंत साडेचारशेच्या आसपास खऱ्या माणसांना तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग. 'ह्यूमन एरर' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत आला. ती मुलगी रडत नव्हती, ती नुसती परत परत म्हणत होती, "मी रोजचीच कमांड दिली." आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं, कारण रोजच्या कमांडने रोज असं होत नाही ना!

माझं डेस्क तिच्या शेजारी. मी त्या सेशनची हिस्टरी उघडली आणि वर वर सरकत गेलो. तिची ओळ दिसली, तिच्यात खरंच काही नव्हतं. तिच्या चौदा ओळी वर एक्सपोर्ट. तेवढं पान छापलं आणि मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलं. सीनियर माणूस सज्जन होता, त्याने लगेच सांगितलं की ती ओळ माझी. तरीही मॅनेजर म्हणाले, "ते ठीक आहे, पण कमांड तिनेच चालवली ना? चालवायच्या आधी बघायला हवं होतं."

बघायला हवं होतं म्हणजे कुठे? कमांडमध्ये काही नव्हतं. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये काही बदललं नव्हतं. स्क्रीनवर काही लिहिलेलं नव्हतं. जे बदललं होतं ते सात तास आधी, दुसऱ्या माणसाने, न दिसणाऱ्या जागी. रस्त्यात कुणीतरी खड्डा खणून वर वर्तमानपत्र पसरून ठेवलं, आणि पडणाऱ्याला विचारतायत की खाली बघून चालत का नव्हतीस.

तिचं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं. घटनेच्या नोंदीत नाव तिचंच राहिलं, कारण फॉर्मवर रकाना एकच होता: 'कमांड कोणी चालवली'. तीन महिने पूर्ण व्हायच्या आधीच तिने दुसरीकडे नोकरी धरली. आता ती बंगळुरूला असते, मोठ्या टीमची लीड आहे, चांगलं चाललंय तिचं. पण ते तीन महिने तिने कसे काढले ते शेजारून मी पाहिलंय.

त्यानंतर आम्ही टीममध्ये एक नियम केला. सर्व्हरवर एक्सपोर्ट करायचं नाही. खऱ्या ग्राहकांना पाठवायचं असेल तर त्या त्या वेळी, त्या ओळीतच लिहायचं:

मोड=लाइव्ह ./पाठवा

या ओळीचा पहिला फायदा वर सांगितलाच, कमांड संपली की चिठ्ठी संपली. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण माणसांच्या बाबतीत कृतघ्नपणाची आहे, पण व्हेरिएबलच्या बाबतीत याहून चांगला संस्कार नाही. दुसरा फायदा मला त्या मीटिंगनंतर कळला आणि तो मला मोठा वाटतो. ही ओळ स्वतःची साक्ष स्वतः देते. उद्या कुणी हिस्टरी उघडली तर त्याच ओळीत दिसतं की काय चालवलं, कुठल्या परिस्थितीत चालवलं, आणि ती परिस्थिती कुणी निवडली. धोका त्या ओळीच्या कपाळावरच लिहिलेला. एक्सपोर्टमध्ये निर्णय एकाचा असतो आणि ओळ दुसऱ्याची, आणि चौकशी नेहमी शेवटच्या ओळीपासून सुरू होते.

असो. आता जरा हलकं काहीतरी.

मी डोंबिवलीच्या एका छोट्या वाचनालयाच्या सभासद यादीचं काम हौसेने बघतो. दर तीन महिन्यांनी जुनी यादी आणि नवी यादी ताडून बघायची असते, कोण नवं आलं, कुणी वर्गणी भरली नाही. दोन्ही याद्या क्रमाने लावायच्या आणि मग 'कॉम' नावाच्या कमांडला द्यायच्या, ती सांगते कुठली ओळ कुठल्या यादीत आहे. अडचण अशी की 'क्रमाने' म्हणजे कुठल्या क्रमाने हे शेलच्या जगात चिठ्ठीवर ठरतं. माझ्या लॅपटॉपवर चिठ्ठी वेगळी, वाचनालयाच्या मशीनवर वेगळी. सॉर्ट एका क्रमाने आणि कॉम दुसऱ्या क्रमाने चालली की कॉम कुरकुरते, 'ही फाइल क्रमाने नाही.' म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे लिहितो:

एलसी_ऑल=सी सॉर्ट जुनी > जुनी_क्रम
एलसी_ऑल=सी सॉर्ट नवी > नवी_क्रम
एलसी_ऑल=सी कॉम -३ जुनी_क्रम नवी_क्रम

एलसी_ऑल ही भाषेच्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या वरची चिठ्ठी, आणि 'सी' म्हणजे भाषाबिषा काही बघू नकोस, सरळ बाइट्सचे आकडे बघ. यंत्राशी यंत्र जुळवायला उत्तम. पण ती यादी तशीच छापून वाचनालयाच्या काकांना दिली तर काका चष्म्यावरून बघतात. कारण युनिकोडमध्ये 'ळ' बसवलाय 'ल' च्या शेजारी, 'व' च्या आधी. त्यामुळे कामत, काळे, काशीकर, कासार असा क्रम येतो. आपल्या मुळाक्षरांत 'ळ' असतो 'ह' च्या नंतर. काकांना हवंय कामत, काशीकर, कासार, काळे. काका बरोबर आहेत. त्यामुळे छापायच्या यादीसाठी वेगळा क्रम, तोही तेवढ्यापुरता.

मला यातली गंमत अशी वाटते की कुणालाच हरावं लागत नाही. यंत्राला हवा तो क्रम त्याच्या तीन ओळींपुरता मिळतो, काकांना हवा तो त्यांच्या कागदापुरता. 'आता या मशीनची भाषा कायमची कुठली ठेवायची' हे भांडणच उद्भवत नाही.

आता फसायच्या जागा सांगतो, कारण ही ओळ दिसते तेवढी भोळी नाही. यातल्या बहुतेक मी लोकांच्या खांद्यावरून बघत असताना पाहिल्यात.

पहिली. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. 'मोड = लाइव्ह' लिहिलं की शेलला वाटतं 'मोड' नावाची कमांडच चालवायची आहे. आणि किमतीत मधे जागा असेल तर अवतरणात घालायची.

दुसरी सगळ्यांना चकवते:

नाव=गणू एको $नाव

यातून 'गणू' छापलं जाईल असं वाटतं. छापली जाते रिकामी ओळ (किंवा 'नाव' ची जुनी किंमत, आधी असलीच तर). कारण डॉलरवालं नाव शेल स्वतः, स्वतःच्या गठ्ठ्यात बघून, आधीच भरून टाकतो, आणि नवी चिठ्ठी त्यानंतर पोराच्या हातात पडते. पेपर आधी वाचून टाकला आणि चाळिशी नंतर लावली, तसं. उपाय हा की वाचण्याचं कामही पोरालाच द्यायचं, आणि एकेरी अवतरणाने शेलचे डोळे तेवढ्यापुरते झाकायचे:

नाव=गणू एसएच -सी 'एको $नाव'

तिसरी. पाइप असेल तर चिठ्ठी फक्त तिच्या लगेच पुढच्या कमांडला मिळते. 'एलसी_ऑल=सी सॉर्ट यादी | युनिक' यात युनिकला काही कळलेलं नसतं. तिलाही हवी असेल तर पाइपच्या उभ्या रेघेनंतर परत लिहायची. लांबलचक पाइपला किंवा एखाद्या लूपला एकच चिठ्ठी हवी असेल तर सगळं कंसात घालायचं आणि कंसाच्या आत एक्सपोर्ट करायचं. कंस म्हणजे वेगळी खोली, खोलीतला पसारा खोलीतच राहतो. हा एक्सपोर्ट मला चालतो, कारण तो कंसाबाहेर येत नाही.

चौथी सुडूची. 'मोड=लाइव्ह सुडू ./पाठवा' लिहिलं तर चिठ्ठी सुडूला मिळते, पण सुडू म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा कडक वॉचमन. त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो गठ्ठ्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या गेटवरच काढून घेतो आणि मग आत सोडतो. म्हणून गेटच्या आत गेल्यावर चिठ्ठी द्यायची: 'सुडू एन्व्ह मोड=लाइव्ह ./पाठवा'.

हा 'एन्व्ह' फार कामाचा गडी आहे. तो स्वतः एक साधा प्रोग्राम आहे, त्यामुळे शेल कुठलाही असो, त्याला पुढे करून चिठ्ठी देता येते. बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलला आपली ओळ कळत नाही, तिथे 'सेटएन्व्ह' चालतं आणि ते मागे उरतं. फिश शेलमध्येही २०२० साली ३.१ आवृत्ती येईपर्यंत ही रीत नव्हती. अशा ठिकाणी एन्व्ह. शिवाय 'एन्व्ह -यू नाव' केलं की तेवढ्यापुरती एक चिठ्ठी काढून टाकता येते, आणि 'एन्व्ह -आय' केलं की गठ्ठाच रिकामा. 'माझ्या मशीनवर तर चालतं' म्हणणाऱ्या सहकाऱ्याला एकदा एन्व्ह -आय लावून तोच प्रोग्राम चालवायला सांगा. वाद लवकर मिटतात.

विंडोजवाल्यांनी नाराज होऊ नये, पण तिथल्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे असं लिहिताच येत नाही. 'सेट मोड=लाइव्ह && पाठवा' केलं की किंमत त्या खिडकीत राहते ती राहतेच, वर आणि दोन अँडच्या आधी सोडलेली जागाही किमतीत चिकटते. मग 'लाइव्ह' आणि 'लाइव्ह-आणि-एक-स्पेस' यांतला फरक शोधत बसा. याच कारणाने जावास्क्रिप्टवाले क्रॉस-एन्व्ह नावाचं पॅकेज वापरत आले.

पाचवी आणि महत्त्वाची: पासवर्ड. 'पासवर्ड=अमुक कमांड' लिहिलंत तर कमांडबरोबर चिठ्ठी मरते हे खरं, पण ओळ हिस्टरीत उरते. वर ज्या गुणाचं कौतुक केलं तोच इथे नडतो. साक्ष देणारी ओळ सगळंच सांगते, पासवर्डसुद्धा. बॅशमध्ये हिस्टकंट्रोल=इग्नोरस्पेस असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडली की ती हिस्टरीत जात नाही. पण खरं म्हणजे पासवर्डसाठी नीट परवानग्या लावलेली फाइल बरी.

आणि चिठ्ठी निरुपद्रवी असते या भ्रमातही राहू नये. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये शेलशॉक नावाचं प्रकरण झालं ते काहींना आठवत असेल. बॅश सुरू होताना चिठ्ठ्या वाचायचा, आणि एखाद्या चिठ्ठीत फंक्शनची व्याख्या असेल तर तिच्या शेपटीला लावलेला भलताच कोडही चालवून टाकायचा. ही फट १९८९ पासून तिथे होती. बाहेरून वेब सर्व्हरला आलेली माहिती चिठ्ठ्या बनून बॅशपर्यंत पोहोचायची, त्यामुळे घबराट खरी होती. आपलं मशीन बाधित आहे का हे तपासायला त्या आठवड्यात जगभर जी एक ओळ फिरली, ती हीच आपली रीत होती: एन्व्हला एक वाकडी चिठ्ठी द्यायची आणि पुढे बॅश चालवायचा. कायमचं काही न बिघडवता, तेवढ्यापुरतं विष देऊन पाहणे!

मग एक्सपोर्ट वाईटच का? अजिबात नाही. माझ्या प्रोफाइलमध्ये एडिटर एक्सपोर्ट केलेला आहे, पाथ आहे, भाषा आहे. २०११ च्या सुमारास हेरोकूच्या मंडळींनी 'ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप' म्हणून जे नियम मांडले त्यात तर ॲपचं सगळं कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा असंच सांगितलंय, आणि आज कंटेनरच्या जमान्यात ते सगळीकडे चालतं. कंटेनर एकाच कामासाठी जन्माला येतो, त्यामुळे त्याच्या चिठ्ठ्याही एका अर्थी त्या कामापुढेच लिहिलेल्या असतात.

मी स्वतःपुरती वाटणी अशी केलीय. जे माझ्याबद्दल खरं आहे ते एक्सपोर्ट. मला अमुक एडिटर आवडतो, हे सोमवारीही खरं आणि शुक्रवारीही. जे त्या कामाबद्दल खरं आहे ते त्या कामाच्या ओळीत. 'आत्ता खऱ्या ग्राहकांना पाठवायचंय', 'आत्ता न्यू यॉर्कची वेळ बघायचीय', 'आत्ता बाइट्सच्या क्रमाने लाव' ही सगळी 'आत्ता' ची वाक्यं आहेत. ती एक्सपोर्ट केली की 'आत्ता' चं 'यापुढे' होतं, आणि ते 'यापुढे' बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतं, रात्री नऊ वाजता, एकटीच ऑफिसात असताना.

प्रत्येक वेळी चार शब्द जास्त टाइप करायचा कंटाळा येतो, मान्य. मलाही येतो. पण ते चार शब्द आपण पुढे येणाऱ्या माणसासाठी टाइप करत असतो. त्याला आपल्या डोक्यात काय होतं ते ओळखावं लागत नाही, ओळीत वाचता येतं.

सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या सामायिक सर्व्हरवर एकदा नुसतं 'एन्व्ह' लिहून एंटर मारा आणि गठ्ठा वाचून काढा, दोन मिनिटं लागतील. त्यात एखादी अशी चिठ्ठी सापडली की जी कुणी, कधी, कशासाठी घातली ते कुणालाच सांगता येत नाही, तर आधी विचारा, आणि कुणाचीच नसेल तर काढून टाका.